शाळा सुटल्यानंतरचे पुणे

पुण्याला विद्येचे माहेरघर म्हणण्याची पद्धत आहे. बाहेरगावचा पाहुणा आला की आपणही त्याला मोठ्या कौतुकाने विद्यापीठ दाखवतो, फर्ग्युसन कॉलेज दाखवतो, पुस्तकांची दुकाने दाखवतो. आम्हीही अनेकांना दाखवली आहेत. परंतु आज आम्ही वाचक बंधू-भगिनींना जे पुणे दाखवणार आहोत ते दुपारी साडेबाराच्या सुमारास सुरू होते आणि संध्याकाळी दिवे लागले की संपते. शाळेची सकाळची पाळी सुटल्यापासून आई कामावरून घरी येईपर्यंतचे हे पुणे. ते पाहायला तिकीट लागत नाही. आपल्या वस्तीच्या तोंडाशी उभे राहिले तरी पुरे.

आमची वस्ती मंगळवार पेठेतली. आम्ही नोकरीने कारकून. दिवसभर आकडे मांडायचे आणि संध्याकाळी चार सहकारी मिळून वस्तीतील मुलांची अभ्यासिका चालवायची, असा आमचा अनेक वर्षांचा परिपाठ. एका सुट्टीच्या दिवशी सहज हिशेब मांडला. सन २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला निदान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणे झाले पाहिजे असे लिहिले आहे. आता दुसरी बाजू पाहा. सकाळच्या पाळीचे मूल एक वाजता घरी येते. आई चार घरची धुणीभांडी किंवा झाडलोट आटोपून सहाच्या पुढे येते. जेवणखाण, झोप वगळून चार तास धरले तरी २०० दिवसांचे ८०० तास होतात. म्हणजे शाळा मुलाला जेवढा वेळ देते, तेवढाच वेळ ते मूल कुणाच्याही नजरेखाली नसते. जमाखर्चाच्या वहीत एक पान भरलेले आणि समोरचे पान कोरे असावे, तसे हे आहे.

सहा वर्षांपर्यंतच्या मुलासाठी अंगणवाडी आहे. ही योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात सुरू झाली आणि तिने गोरगरिबांच्या लेकरांना मोठा आधार दिला. परंतु मूल पहिलीत गेले की अंगणवाडी संपते. पैसेवाले पाळणाघर लावतात, क्लास लावतात. आपल्याकडे काय असते? दाराला कुलूप, गळ्यात किल्ली आणि कडेवर धाकटे भावंड. हल्ली त्यात मोबाईलची भर पडली आहे. जिन्याच्या पायरीवर एक मोबाईल आणि त्यावर वाकलेली पाच डोकी, हे दृश्य आता कोणत्याही वस्तीत दिसेल.

या कोऱ्या पानावर काय लिहावे हे आम्हाला कळत होते असा आमचा समज होता. तो कसा उतरला ते पुढे सांगतो.

आमची अभ्यासिका म्हणजे सतरंजी, फळा, पाढे आणि गृहपाठ. मुलांनी रांगेत बसायचे, बोलायचे नाही, पाढे पाठ झाल्याशिवाय उठायचे नाही. कोपऱ्यात एक छडीही होती. आम्ही ती फारशी वापरत नसू, पण ती तिथे होती हे मुलांना ठाऊक होते. सुरुवातीला तीसपस्तीस मुले आली. दिवाळीपर्यंत निम्मी राहिली. मार्च उजाडला तेव्हा सतरंजी मोठी आणि मुले थोडी अशी स्थिती. आम्ही आपसात म्हणायचो, "आपल्या पोरांना अभ्यासाची गोडीच नाही."

त्यात तिसरीतली एक मुलगी होती. अक्षर मोत्यासारखे. तिच्याबरोबर नेहमी दीड-दोन वर्षांचा भाऊ असे. तो रडे, खडू खाई, कुणाची वही ओढी. एक दिवस आम्ही तिला सांगितले, "उद्यापासून याला आणू नकोस. इथे अभ्यास असतो." तिने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. ती भावाला कुठे ठेवणार होती, हा प्रश्न आमच्यापैकी एकाच्याही मनात आला नव्हता.

या गोष्टीची टोचणी लागली म्हणून आम्ही एका रविवारी घराबाहेर पडलो. ठरवले की आधी थोरांच्या घरी जाऊ.

समता भूमीवर

मंगळवार पेठेतून सोमवार पेठ, रास्ता पेठ, नाना पेठ असे पायी पायी गंज पेठेत गेलो. या पेठेला आता महात्मा फुल्यांचेच नाव आहे. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंनी दाटीची घरे आणि त्यातच तो कौलारू वाडा. आत शिरताच रस्त्याचा गलका कमी होतो. अंगणात तो हौद आहे. १८६८ साली जोतीरावांनी तो अस्पृश्यांसाठी खुला केला, हे आपल्या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते.

आम्ही हौदाजवळ बराच वेळ बसलो. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, पुढे महार-मांगांच्या मुलामुलींसाठी शाळा काढल्या, हे सगळे सांगतात. आमच्या मनात त्या दिवशी दुसरीच गोष्ट आली. जे स्त्री-पुरुष दिवसा राबत होते त्यांना 'दिवसा शाळेत या' असे या जोडप्याने सांगितले नाही. १८५५ साली त्यांनी कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. शिकणाऱ्याला जो वेळ होता, त्या वेळेला शाळा नेली. आणि आम्ही? आम्ही त्या मुलीला म्हणालो, आमच्या नियमात बसत असशील तर ये.

त्याच १८५५ साली फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. विषय होता मांग-महारांचे दुःख. तिने पाठ केलेला धडा लिहिला नाही, स्वतःच्या घरादाराचे दुःख लिहिले. आमच्या अभ्यासिकेत मुलांना स्वतःचे काही लिहायला आम्ही एकदाही सांगितले नव्हते. 'माझा आवडता प्राणी' हा निबंध मात्र सगळ्यांचा पाठ होता.

तिथून उठताना बाबासाहेबांची आठवण झाली. मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कुलात असताना घर म्हणजे परळच्या चाळीतली एक खोली. माणसे, भांडीकुंडी, धूर, सगळे त्यातच. तेव्हा शाळा सुटली की विद्यार्थी भीमराव चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन बसत. तिथे येणाऱ्या कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींचे या मुलाकडे लक्ष गेले. त्यांनी चौकशी केली, वाचायला पुस्तके दिली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सत्काराच्या सभेत याच केळुसकरांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढचा इतिहास आपण जाणतोच. भगिनींनो, बंधूंनो, जरा विचार करा. शाळा सुटल्यानंतरचा तो वेळ, एक बाग आणि एका वडीलधाऱ्या माणसाने आपुलकीने केलेली विचारपूस, इतकीच ती सामग्री होती. केळुसकरांनी भीमरावांना पाढे म्हणून दाखवायला सांगितले नव्हते.

लक्ष्मीनगरचे खेळघर

गंज पेठेतून स्वारगेट आणि तिथून बसने कोथरूड. एके काळी कोथरूड हे पुण्याबाहेरचे खेडे होते. आता उंच इमारती आणि त्यांच्याच आडोशाला वस्त्या. त्या इमारतींतली घरकामे करणाऱ्या बायाबापड्या या वस्त्यांतूनच जातात. लक्ष्मीनगर ही अशीच एक वस्ती.

'पालकनीती' हे मासिक पुण्यातून १९८७ पासून निघू लागले. त्याच पालकनीती परिवाराच्या शुभदा जोशी यांनी १९९६ साली लक्ष्मीनगरच्या मुलांसाठी 'खेळघर' सुरू केले. शाळेच्या वेळेबाहेर मुलांनी यावे, खेळावे, चित्रे काढावीत, हाताने वस्तू कराव्यात, गोष्टी ऐकाव्यात, पुस्तके हाताळावीत, गप्पा माराव्यात आणि त्यातूनच भाषा-गणित शिकावे, असे त्याचे स्वरूप. नावातच सगळे आले. आम्ही 'अभ्यासिका' म्हणतो, ते 'खेळघर' म्हणतात. एका नावात हुकूम आहे, दुसऱ्यात बोलावणे आहे.

आमच्यातले एक ज्येष्ठ सहकारी वाटेत कुरकुरले. "खेळायला काय, पोरे गल्लीत खेळतातच. आपल्याला शिकवायचे आहे. बाबासाहेबांनी 'शिका' सांगितले, 'खेळा' नाही." त्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या पाटीला हात लावू दिला गेला नाही, त्यांना मुलाच्या हातात पुस्तकाऐवजी चेंडू पाहून भीती वाटते. आमच्या आयाही म्हणतात, "खेळायला कशाला पाठवू? शिकवणार असाल तर पाठवते." ही भीती खोटी नाही. पण भीतीने मूल शिकत नाही, हेही आम्ही आमच्याच सतरंजीवर पाहिले होते. परतीच्या बसमध्ये यावर आमचा चांगलाच वाद झाला. कंडक्टरने दोनदा मागे वळून पाहिले.

या कामात पुण्यात इतरही पुष्कळांनी वाटा पाडल्या आहेत. रजनी परांजपे आणि बीना शेठ लष्करी यांनी १९८८ साली मुंबईत सुरू केलेली डोअर स्टेप स्कूल ही संस्था १९९३ पासून पुण्यातही काम करू लागली. नावाप्रमाणे शाळा मुलाच्या दारात न्यायची, प्रसंगी बसगाडीतच वर्ग भरवायचा. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागाने १९९० च्या सुमारास कचरा वेचणाऱ्या मुलांसाठी साक्षरता वर्ग घेतले. कार्यकर्ते मुलांच्या मागे गेले तेव्हा त्यांना आयांचे कष्ट दिसले आणि त्यातूनच १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. मुलांचा वर्ग नीट चालवला तर तो आईच्या प्रश्नापर्यंत जाऊन पोहोचतो, तो असा.

काड्यांची कैची

पुढचा प्रवास गणेशखिंडीचा. विद्यापीठाला २०१४ पासून सावित्रीबाईंचे नाव आहे. त्या फाटकातून आत जाताना आमच्यासारख्या रात्रीच्या कॉलेजात बी.कॉम. झालेल्या माणसाची छाती थोडी फुगतेच. याच आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे. १९८८ साली ती उभारणाऱ्या डॉ. जयंत नारळीकरांची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. मुले सही मागायला आली की ते म्हणत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली माझी सही मिळेल. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. ही युक्ती मात्र कोणालाही वापरता येण्याजोगी आहे.

आयुकात पु. ल. देशपांडे यांच्या नावच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून 'मुक्तांगण विज्ञान शोधिका' उभी राहिली. तिथे २००३ पासून २०१४ पर्यंत अरविंद गुप्ता यांनी काम केले. हा माणूस कानपूरच्या आयआयटीतला इंजिनिअर. पिंपरीच्या टेल्कोत नोकरीला होता. १९७८ साली मध्य प्रदेशात होशंगाबादला खेड्यातील मुलांच्या विज्ञान शिक्षणाच्या कामाला गेला आणि आठवडे बाजारात मिळणाऱ्या वस्तूंतून खेळणी करू लागला. आपले कितीतरी बांधव टेल्कोत होते आणि आहेत. त्याच कारखान्यातून निघालेला हा माणूस आगकाड्यांची खेळणी करत देशभर फिरला. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तके आणि खेळण्यांच्या चित्रफिती इंटरनेटवर फुकट आहेत, मराठीतही आहेत.

त्यातले एक खेळणे आम्ही घरी येऊन करून पाहिले. सायकलच्या दुकानातून वालट्यूबची बारीक रबरी नळी आणायची, तिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे. गूल खरवडून काढलेल्या आगपेटीच्या काड्या त्यात दोन्हीकडून खुपसायच्या. तीन काड्या, तीन तुकडे, झाला त्रिकोण. चार काड्यांचा चौकोन. आता दोन्ही दाबून पाहा. चौकोन कलंडतो, तिरका होतो, चपटा होतो. त्रिकोण हलत नाही. सहावीतल्या एका मुलाने दोन्ही दाबून पाहिले, पुन्हा पाहिले आणि एकदम ओरडला, "म्हणून आमचे बाबा कैचीत तिरक्या पट्ट्या मारतात!" त्याचे वडील पत्र्याच्या शेडच्या कैच्या वेल्डिंग करतात. आजवर त्या मुलाला आपल्या बापाच्या कामात भूमिती आहे हे कुणी सांगितले नव्हते. संध्याकाळी बाप काड्यांचा त्रिकोण हातात घेऊन स्वतः आमच्या दारात आला. शाळेच्या पालकसभेला तो कधी जात नसे. म्हणायचा, "मला काय कळते त्यातले?"

आता आम्ही काय करतो

छडी काढून टाकली. मग मुले आली की आधी हातपाय धुणे, पाणी आणि मूठभर चणे-शेंगदाणे. उपाशी पोटी शाळा होत नाही आणि खेळही होत नाही. मग अर्धा-पाऊण तास मोकळे खेळ. लगोरी, लंगडी, आट्यापाट्या. लगोरीला सात चपट्या ठिकऱ्या आणि एक चेंडू, खर्च जवळजवळ शून्य. एक नियम मात्र पक्का: लगोरी मुलीही खेळणार आणि सागरगोटे मुलगेही खेळणार.

नंतर हाताचे काम. चिंचोके आम्ही पोतेभर जमवले आहेत. दहा चिंचोके एका रिकाम्या आगपेटीत, अशा दहा आगपेट्या एका चपलेच्या खोक्यात. एकक, दशक, शतक. बावनमधून सतरा वजा करायचे तर दोन सुट्या चिंचोक्यांतून सात निघत नाहीत, एक आगपेटी फोडावी लागते. 'हातचा घेणे' म्हणजे काय हे पाचवीतल्या मुलांना त्या दिवशी समजले. दोन वर्षे ती नुसती 'हातचा एक' म्हणत होती.

मग गोष्ट, वाचन आणि गृहपाठ. गृहपाठ आम्ही टाकलेला नाही. तो अर्धा तास असतो, मोठी मुले लहानांना मदत करतात. शनिवारी भित्तीपत्रक. विषय मुलेच ठरवतात. एकदा 'आजीला विचारा' असा विषय निघाला. कितीजणांच्या आज्यांना जात्यावरच्या, बाबासाहेबांवरच्या ओव्या येत होत्या! त्या लिहून घेताना मुलांची शुद्धलेखनाची वही आपोआप भरली. आणि ज्या आजीला लिहिता-वाचता येत नाही, तिच्याकडे शिकायला जावे लागते, हे मुलांनी पाहिले.

वस्तीचा नकाशा हा आणखी एक उपक्रम. मोठ्या कागदावर ज्याने त्याने आपले घर, नळ, विहार, किराणा दुकान, नाला, विजेचा खांब दाखवायचा. मुलींच्या गटाने शौचालयामागची बोळ काळ्या खडूने पूर्ण रंगवली. विचारले तर म्हणाल्या, "तिथला दिवा गेलाय. सातनंतर आम्ही जात नाही." मग काय करता? "थांबतो सकाळपर्यंत." आम्ही त्या बोळीतून रोज जात होतो, सभांमधून भाषणे करत होतो आणि हे आम्हाला माहीत नव्हते. त्याच आठवड्यात मंडळाने वर्गणी काढून तिथे दिवा लावला. मुलींनी नकाशावर त्या जागी पिवळा ठिपका दिला.

पालकांना सांगायचे ते इतकेच. यासाठी मोठी जागा लागत नाही, विहाराचा कट्टाही पुरतो. मोठा निधी लागत नाही. लागतात ती दोन-तीन माणसे, जी ठरलेल्या वेळी रोज येतील. आपल्यात निवृत्त झालेले कामगार आहेत, कॉलेजात जाणारी मुलेमुली आहेत. जयंतीच्या वर्गणीतला थोडा भाग चिंचोके, खडू आणि गोष्टींच्या पुस्तकांना काढता येतो. आणि आठवड्यातून एकदा आपापला धंदा दाखवायला सुतार, गवंडी, शिंपी, बँडवाले असे वस्तीतलेच आई-बाप बोलवा. मुलांना त्याचे फार अप्रूप वाटते. आमचे कुरकुरणारे ज्येष्ठ सहकारीही आता दर गुरुवारी आट्यापाट्याचे पंच असतात. पाढे म्हणून घेण्याचा हट्ट त्यांनी सोडलेला नाही, फक्त आता मुले लंगडी घालत पाढे म्हणतात.

त्या मोत्यासारख्या अक्षराच्या मुलीकडे आम्ही गेलो होतो. खेळघर पाहून आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी. दाराला कुलूप होते. शेजारणीने सांगितले की त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाला इमारतीत घर मिळाले, महिना झाला जाऊन. पत्ता तिला नीट सांगता आला नाही. ती मुलगी आता कितवीत असेल, शाळेत जात असेल की नसेल, आम्हाला माहीत नाही.

आमच्या फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात एक ओळ कायम असते. फळा रोज पुसला जातो, ती ओळ पुसायची नाही असे मुलांना सांगून ठेवले आहे: 'धाकट्या भावंडाला घेऊन यावे.' सध्या पाच धाकटी येतात. रडतात, खडू खातात, वह्या ओढतात. त्यांच्यासाठी एका कोपऱ्यात गोधडी टाकली आहे आणि पाळीपाळीने एक मोठा माणूस तिथे बसतो. आज पाळी आमची आहे, म्हणून लेख इथेच थांबवतो.

जय भीम.